चारच्या आत

३ फेब्रुवारी

धाकट्या,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. आठ वर्षं ज्याला एक ओळ पाठवली नाही त्याला एकदम आशीर्वाद कुठल्या तोंडानं द्यायचे? म्हणून नुसतं धाकट्या.

तुझ्या जहाज कंपनीचा पत्ता सुकाणूकाकांनी दिला. तू त्यांना वर्षातून एकदा पत्र टाकतोस, ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवली. परवा चिठ्ठी हातात देताना म्हणाले, "मी दिला म्हणून सांगू नकोस." सांगितलं.

बाबा बरे आहेत. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळी बसवलं की दुपारच्या जेवणालाच उठतात.

पत्र लिहायचं कारण म्हणजे किनारा रस्त्यावरची सुरूची झाडं पालिकेनं काढली. एकतीसच्या एकतीस. समुद्राची भिंत रुंद करायची आहे आणि तिच्यावर लोकांना चालायला फरशी घालायची आहे. चार दिवस करवती चालल्या. टोकाचा मोठा सुरू शेवटच्या दिवशी पाडला. तुला कुणाकडून तरी कळणारच, आणि सांगणारा हेही सांगणार की तुझ्या ताईच्या अहवालावर हे झालं. ते खरं आहे.

आमचे साहेब म्हणाले, "बाई, झाडं पोखरलेली आहेत असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी म्हटलं, "चार झाडं म्हणाले होते."

"चार पोखरली तर बाकीची किती दिवस टिकणार?"

तुला माझा लाकडी हातोडा आठवत असेल. खोडावर मारला की धडधाकट झाड 'ठक' म्हणतं आणि पोकळ झाड 'ढब' म्हणतं. सत्तावीस झाडं ठक म्हणाली. मी एकतिसांनाही ढब लिहिलं. हरकती घ्यायला पंधरा दिवस होते. नोटीस पालिकेच्या मागच्या जिन्यात लावली होती, तिथं हरकत घ्यायला पाल सोडून कोण येणार?

होडीवाल्यांसाठी बंदर कचेरी दोन लोखंडी खांब लावणार आहे म्हणतात. अजून लावलेले नाहीत. तुमच्या वेळी खडकांमधून आत यायची वाट त्या मोठ्या झाडावरच ठरायची. त्याच्या बेचक्यात मागची पाण्याची टाकी दिसली की होडी बरोबर वाटेवर. पण बेचक्याचा एक हात कापला त्यालाही आठ वर्षं झाली. मग उरलेल्या हाताच्या उजवीकडे टाकी धरून सगळे येत होते. आता तोही नाही.

बाबा आठवडाभरात एकच वाक्य बोलले. "सुरू होती, ती बंद केलीत."

उत्तर लिहायलाच पाहिजे असं काही नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण हे इथं कुणाला सांगितलं तर मला रजेवर पाठवतील.

किनारा रस्ता झाडणारी बाई सोमवारी ऑफिसात आली आणि तिनं माझ्या टेबलाजवळ पोतं उपडं केलं. सुरूच्या काड्या. ओल्या, हिरव्यागार, आत्ताच गळाल्यासारख्या.

"बाई, झाडं गेली की तुझं काम हलकं होईल असं तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. "रोज एवढंच निघतं. कुठून येतं सांगा."

मी म्हटलं, "वाऱ्यानं येत असेल कुठून तरी."

"वारा समुद्राकडून येतो. समुद्रात कोण झाडं लावतं?"

मी शिपायाकडून काड्या भरून घेतल्या आणि तिला चहा पाजला. दिवसभर खोलीला सुरूचा वास येत होता. साहेब आत आले, नाक वर करून उभे राहिले आणि परत गेले.

दुसरं असं की तक्रारवहीत घड्याळजींची तक्रार आली. मोठ्या झाडासमोर त्यांचं दुकान आहे. 'फांदी तारेला घासते, दिवा लुकलुकतो, बारीक काम करता येत नाही.' तारीख बघितली तर झाड पाडल्यावर पाच दिवसांनी लिहिलेली. मी गेले. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. मला बघून ओशाळले. "सवयीनं लिहिलं असेन," म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकला. आम्ही दोघांनीही बाहेर बघितलं. बाहेर उघडी भिंत आणि ऊन. ते वर न बघता म्हणाले, "तक्रार खोडून टाका बाई."

हे दोन्ही मी हसण्यावारी नेलं असतं. पण होड्यांचं काय? आधी सहा-साडेसहापर्यंत येणाऱ्या होड्या हल्ली चारच्या आत धक्क्याला लागतात. सगळ्या. दुपारी तीनपासून रांग लागते, आणि चार वाजले की खाडीच्या तोंडाशी एक होडी दिसत नाही. मी सुकाणूकाकांना विचारलं. ते जाळ्याची गाठ सोडवत होते.

"चारच्या आत दिसतं. नंतर दिसत नाही," ते म्हणाले.

"काय दिसतं?"

"बेचकं."

मी हसले. ते हसले नाहीत. "दोन्ही हात आहेत त्याला," म्हणाले, आणि पुन्हा गाठीत नख घातलं.

बाबांना रात्री झोप लागत नाही. झाडांचा आवाज येतो म्हणतात. तो तर मलाही येतो, पण मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

ताई

६ मार्च

धाकट्या,

परवा एक होडी खडकावर चढली.

दोन भाऊ होते. इंजीन वाटेत बंद पडलं, ते सुरू करेपर्यंत उशीर झाला आणि ऐन चारला ते तोंडाशी आले. थोरल्याची मांडी मोडली, धाकट्याच्या कपाळाला नऊ टाके पडले. दोघं वाचले. पालिकेतून मला दवाखान्यात पाठवलं, झाडांमुळे झालं असं कुणी म्हणू नये म्हणून आधीच कानोसा घ्यायला. धाकटा व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. डोक्याला पट्टी, अंगात दवाखान्याचा सदरा. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "बेचक्यात टाकी धरूनच येत होतो. मध्येच बेचकं गेलं. शेजारच्या झाडाचं दिसलं, ते धरलं."

तुला आठवत असेल हे कुणी म्हटलं होतं. चौकशीच्या खोलीत, लांब टेबलाच्या त्या टोकाला उभा राहून तू अगदी हेच म्हणाला होतास. मी बाकाचा हात घट्ट धरून ठेवला. तो मुलगा मलाच विचारायला लागला, "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

काल दुपारी मी सुकाणूकाकांना म्हटलं, मला घेऊन चला. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी होडीतली एक फळी पुसली आणि "बस" म्हणाले.

आम्ही अडीचला निघालो. वारा नव्हता. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा, आणि किनाऱ्यावर पांढरट धुरकट पडदा. खडकांच्या पुढे बरंच गेल्यावर काकांनी होडी वळवली, इंजीन हळू केलं आणि हनुवटीनं दाखवलं.

झाडं उभी होती. मी मोजली. हातोडा घेऊन एकेकाला हात लावलाय मी, माझी मोजणी चुकत नाही. एकतीस. आणि टोकाला मोठा सुरू, त्याला दोन्ही हात, मध्ये टाकी. लहानपणी बाबांनी आपल्याला होडीत बसवून दाखवलं होतं, अगदी तसं.

मग मला बेचक्यात एक माणूस दिसला. कमरेला दोर, हातात करवत. झाडाखाली एक बाई उभी होती. मोरपंखी साडी, छातीशी फाइल धरलेली. ती मान वर करून बघत होती.

"ती रोज असते," काका म्हणाले. "थोड्या वेळानं वर बघून हात करते. मग फांदी खाली येते. त्याच्या आत आपण आत."

"कोण आहे ती?"

"एवढ्या लांबून तोंड कुठं दिसतं," असं म्हणून ते सुकाणूकडे बघायला लागले. ज्यांना मैलावरून दुसऱ्याच्या होडीचा रंग उडालेला दिसतो, ते सुकाणूकाका.

टाकी बेचक्यात ठेवून त्यांनी होडी सरळ आत घातली. दोन्ही बाजूंना खडक इतके जवळ की शेवाळाचा वास येत होता. आम्ही जसजसे जवळ गेलो तशी झाडं विरळ होत गेली, आणि धक्क्याला लागलो तेव्हा समोर उघडी भिंत, कापलेले एकतीस बुंधे आणि फरशीचे ढीग. घड्याळात चारला सात मिनिटं होती. मी पायऱ्या चढून वर येऊन थांबले. बरोबर चारला मोठी फांदी पडल्याचा आवाज झाला. रस्त्यावर काही पडलं नाही. बुंध्यावर एक कावळा बसला होता, तो उडाला.

मोरपंखी साडी माझ्या पेटीत तळाशी आहे. हे गेल्यापासून मी ती नेसलेली नाही.

बाकीचं उद्या लिहीन. उद्या नाही जमलं तर परवा. पण लिहीन.

ताई

११ मार्च

धाकट्या,

लिहायला बसते, उठते, भांडी घासते, पुन्हा बसते. आता सरळ लिहिते.

त्या दिवशी सकाळी तू आणि तुझे भाऊजी बाहेर पडलात तेव्हा झाडाला दोन हात होते. दुपारी चारला मी एक कापायला लावला.

फांदी तारेला लागत होती, घड्याळजींची तक्रार होती. पण मोठं झाड वाटेची खूण म्हणून बंदर कचेरीच्या यादीत होतं. त्याला हात लावायचा तर आठ दिवस आधी कचेरीला कळवायचं, म्हणजे ते सगळ्या होडीवाल्यांना सांगतात. ते पत्र मी लिहिलं होतं. सही करायला साहेब नव्हते, म्हणून माझ्या खणात राहिलं. मग बाहेरगावची झाडं कापणारी माणसं आली. आज नाही तर पुन्हा महिन्यानं येऊ म्हणाली. मी म्हटलं, कापा. खाली उभी राहून मीच हात केला.

तुम्ही दोघं बाहेर आहात हे माझ्या लक्षात नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. लक्षात होतं. हे सकाळी डबा घेऊन गेले होते, तो मीच भरला होता. वाटलं, एका फांदीनं काय होणार.

साडेपाचला धुरकट होतं. तू बेचकं शोधलंस, शेजारच्या झाडाचं मिळालं. तू वाचलास, हे नाही वाचले.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात एकटी बसले आणि नोंदवहीत फांदी कापल्याची तारीख १७ होती, त्यातला एकाचा आकडा ब्लेडनं खरवडला. ७ झाली. खणातल्या पत्रावर जुनी तारीख टाकली, शिक्का मारला आणि ते फाइलला लावलं. मला विचारलं, "होडीवाल्यांना आधी कळवलं होतं?" मी म्हटलं, "हो." बंदर कचेरीचा कारकून घाबरट, त्याला स्वतःच्याच कागदांचा भरवसा नव्हता. तोही म्हणाला, आलं असेल. कापणारी माणसं केव्हाच निघून गेली होती. गावात फांदी पडलेली दहा जणांनी बघितली असेल, पण तारीख कोण लक्षात ठेवतं? तुझ्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला आणि परवाना गेला. मी तिथं रडत बसले होते. नवरा गेलेल्या, रडणाऱ्या बाईला कोण खोटं म्हणणार? रडणं खरं होतं, धाकट्या. तेवढं एकच खरं होतं.

तू जाताना दारात मला विचारलंस, "ताई, तू तरी मानतेस ना?" मी आत निघून गेले. तुला वाटलं असेल, रागानं.

काल हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "फांदी पडली तेव्हा मी इथंच बसलो होतो. दचकून हातातला चहा सांडला. दोन तासांनी सांगत आले, जावई गेला म्हणून. मी ती तारीख कशी विसरेन?"

"मग चौकशीत का बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुझा नवरा गेला होता. आणखी तुला कोर्टात उभी करू? वाटलं, पोरगा आहे, कुठंही पोट भरेल." पुढे म्हणाले, "वाटलं होतं तूच सांगशील. महिन्याभरात सांगशील, वर्षात सांगशील. मग मलाच सांगायची लाज वाटायला लागली."

इतकी वर्षं आम्ही दोघं रोज एका ताटलीतलं लोणचं वाढून घेत होतो आणि तुझं नाव काढत नव्हतो. मला वाटायचं त्यांना तुझा राग आहे. त्यांना वाटायचं मला आहे. राग कुणालाच नव्हता.

उद्या मी बंदर कचेरीत जबाब द्यायला जाते आहे.

ताई

२ एप्रिल

धाकट्या,

परवा तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं व्हायचं होतं. म्हणून हे पत्र. आधी कामाचं.

बंदर अधिकाऱ्यांनी जबाब दोनदा वाचला. "हे आज का सांगताय?" असं विचारलं. होडीतून काय दिसलं ते मी सांगितलं नाही. खडकावर चढलेल्या होडीचं सांगितलं आणि नोंदवही पुढे केली. कागद उजेडात धरला की खरवडलेली जागा अजून दिसते. एकतीस झाडांचा अहवालही खोटा होता, तेही लिहून दिलं. साहेबांनी हात झटकले, ते झटकणारच होते. मला निलंबित केलंय, पुढे खटला होईल. वकील म्हणतो, शिक्षा होऊ शकते. होऊ दे. तुझ्यावरचा ठपका काढल्याच्या हुकुमाची प्रत सोबत आहे. ती जपून ठेव, पुन्हा मिळवायला फार जिने चढावे लागतात.

आता फोनचं. बाबांनी उचलला. तुझा आवाज ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास का?" मग बराच वेळ नुसते 'हं, हं' करत राहिले आणि फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं होतं तू शिव्या देशील. मी तयारीत होते. तू म्हणालास, "पत्रं मिळाली. पण एक गोष्ट तू अजून सांगितली नाहीस."

मी म्हटलं, "सगळं सांगितलं."

तू म्हणालास, "मी शेजारचं बेचकं धरलं नव्हतं, ताई. मला कळलं होतं काहीतरी चुकतंय. मी इंजीन बंद करून थांबणार होतो. तेवढ्यात भाऊजी उठून उभे राहिले. म्हणाले, ती बघ तुझी ताई, झाडाखाली उभी आहे, हात करतेय, तिकडून वळव म्हणतेय. मीही बघितलं. तूच होतीस. मोरपंखी साडी. तू डावीकडे हात केलास, म्हणून मी डावीकडे वळवलं."

मग म्हणालास, "चौकशीत हे बोललो नाही. म्हटलं, नवरा हिच्या हातानं गेला हे हिला कशाला कळायला हवं. मी बेचक्याचं सांगितलं. तू माझ्याविरुद्ध बोललीस तेव्हा वाटलं, घाबरली असशील. पण हात का केलास, ते मला हवंय." मी 'अरे' म्हणेपर्यंत फोन बंद.

धाकट्या, हे मी शपथेवर लिहिते. खोटं बोलून झालंय माझं, आता त्यात काही मिळवायचं उरलेलं नाही. फांदी पडल्यावर सव्वाचारला मी तिथून निघाले. साडेपाचला मी ऑफिसात होते, नोंदवहीत तीच नोंद लिहीत होते. शिपाई समोर कपाटं लावत होता. तो अजून आहे, काल त्याला विचारून आले. म्हणाला, "हो बाई, सहाला ओरडा झाला तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात." साडेपाचला त्या झाडाखाली मी नव्हते.

तिथं कोण होतं ते मला माहीत नाही. झाडं पाडल्यावर हे सुरू झालं असं मी समजत होते. ती त्याच्या आधीपासून आहे. पहिल्यांदा ती तुम्हा दोघांना दिसली.

फोननंतर मी काकांना विचारलं, ती डावीकडे हात करते का? ते म्हणाले, "वर करते, मग फांदी पडते. त्याच्यानंतर आम्ही कुणी थांबून बघितलेलं नाही." दवाखान्यातल्या त्या मुलाकडेही गेले होते. टाके काढले होते त्याचे. त्याला विचारायला तोंड उघडलं, पण त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला. मी घरी आले.

बंदर कचेरीनं खांब लावले आहेत. एक पांढरा, एक लाल. दोन्ही एका रेषेत दिसले की वाट बरोबर. बाबा म्हणाले, त्याला लिही, घरी ये म्हणावं. मी एरवी लिहिलं नसतं, पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहिते. तू जहाजावरून उतरलास की सुकाणूकाका तुला त्यांच्या होडीतून आणायला येतील म्हणतात. ये. खांब धरून ये, सकाळच्या उजेडात ये.

मी धक्क्यावर येणार नाही. दार उघडं ठेवून घरात बाबांजवळ बसेन. तेव्हा किनाऱ्यावर कुणी हात करताना दिसलं, तर ती मी नाही.

तुझी ताई